न झालेल्या विजयाचे पदक कसे ओळखायचे

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात, शेतमालकाच्या परवानगीने, कापणी झालेल्या गव्हाच्या रानात मेटल डिटेक्टर फिरवताना साधारण 15 सेंटिमीटर खोलीवर लालसर डाग असलेली एक पिवळट चकती मिळाली. व्यास 37 मिलिमीटर, जाडी 1.6 मिलिमीटरच्या आसपास, वजन 14.6 ग्रॅम, डोक्याशी भोक. एका बाजूला उभा माणूस आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला दुसरा, जवळ ‘डॉन ब्लास’ अशी अक्षरे. दुसऱ्या बाजूला जहाजे, शहर आणि ‘टूक कार्थाजेना एप्रिल 1741’ (म्हणजे ‘कार्टाजेना घेतले’) एवढे वाचता येते. पण इतिहास सांगतो की कार्टाजेनाला इंग्रज हरले. मग ही चकती बनावट आहे का? सोन्याची आहे का? निम्म्या भागावर लिंबू चोळून झाले आहे, उरलेला भाग साफ करावा का? आणि सरकारदरबारी कळवावे लागते का?

आधी लिंबू बाजूला ठेवा. बाकीचे सावकाश बघू.

दिलेल्या वर्णनावरून हे इंग्रज अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन याच्या नावाने निघालेल्या स्मृतिपदकांपैकी एक आहे. हे नाणे नव्हे. सरकारी टांकसाळीशी त्याचा संबंध नाही, त्याला दर्शनी किंमत नव्हती, ते कधी चलनात नव्हते. खाजगी कारागिरांनी ते विकण्यासाठी पाडले आणि लोकांनी हौसेने घेतले. अशा पदकांचे दोनशेहून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत. त्यातली बहुतेक पोर्टो बेल्लोच्या विजयाची आहेत, तुमचे मात्र कार्टाजेनाचे. म्हणजे नेहमीचे नाही, पण एकमेवही नाही.

हरलेल्या लढाईचे विजयपदक कसे निघाले, हे कळले की ओळख पटवणेही सोपे होते. 1739 साली इंग्लंड आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले. रॉबर्ट जेन्किन्स या जहाजाच्या कप्तानाचा कान 1731 मध्ये स्पॅनिश लोकांनी कापला होता, आणि त्यावरून या युद्धाला पुढे ‘जेन्किन्सच्या कानाचे युद्ध’ असे नाव पडले. व्हर्ननने नोव्हेंबर 1739 मध्ये आजच्या पनामातले पोर्टो बेल्लो अवघ्या सहा जहाजांनिशी घेतले. लंडनमध्ये जल्लोष झाला. व्हर्नन हा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलच्या विरोधकांचा लाडका असल्यामुळे त्या जल्लोषात राजकारणही होते. लंडनच्या पोर्टोबेल्लो रोडचे नाव अखेर त्याच गावापर्यंत पोचते, आणि अमेरिकेतले माउंट व्हर्नन याच अ‍ॅडमिरलच्या नावाचे आहे, कारण जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्रभाऊ लॉरेन्स त्याच्या हाताखाली कार्टाजेनाला लढला होता. ही पदके अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या वसाहतींच्या जागीही निघतात, ती उगाच नव्हे.

मार्च 1741 मध्ये मोठा ताफा घेऊन व्हर्नन आजच्या कोलंबियातल्या कार्टाजेनावर गेला. बंदराच्या तोंडावरचा बोकाचिका किल्ला पडला, स्पॅनिश फौज आत सरकली, आणि शहर आता हातात आलेच या समजुतीने व्हर्ननने विजयाची बातमी मायदेशी धाडली. ती मे महिन्यात लंडनला पोचली. तोवर इकडे शहराजवळच्या सान फेलिपेच्या गढीवरचा हल्ला फसला होता, पिवळ्या तापाने सैन्य झोपवले होते आणि ताफा परतीच्या वाटेवर होता. पण लंडनच्या कारागिरांना हे कुठे ठाऊक? बातमी आली, पदक पाडायचे ठसे कोरले, माल बाजारात गेला. खरी हकीकत नंतर आली, तोपर्यंत पदके घरोघरी झाली होती.

म्हणून ‘घटना खोटी, म्हणून वस्तू खोटी’ हा हिशेब इथे चालत नाही. स्मृतिपदकावरचा मजकूर म्हणजे त्या वेळच्या विक्रेत्याचा दावा असतो. त्यावरचे साल घटनेचे असते, पदक पाडल्याचे असेलच असे नाही. वस्तूचे वय धातू, घडण आणि ठसा यांवरून ठरवायचे, मजकुरावरून नाही. असली उदाहरणे आणखीही आहेत. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची असंख्य पदके 26 जून 1902 या तारखेची आहेत. राजाला अपेंडिक्सचे दुखणे झाले, समारंभ पुढे गेला आणि झाला 9 ऑगस्टला. आठव्या एडवर्डची 12 मे 1937 ची पदके तर अशा राज्याभिषेकाची आहेत जो त्याचा झालाच नाही. त्याने डिसेंबर 1936 मध्येच गादी सोडली आणि त्याच तारखेला अभिषेक झाला तो धाकट्या भावाचा. ही सगळी पदके अस्सल आहेत.

तुमच्या पदकावरचा ‘डॉन ब्लास’ म्हणजे ब्लास दे लेसो, कार्टाजेनाचा बचाव करणारा स्पॅनिश दर्यासारंग. तरुणपणीच्या लढायांत त्याचा डावा पाय आणि डावा डोळा गेला होता, उजवा हात निकामी झाला होता. पदकावर मात्र तो दोन्ही धड पायांनी गुडघे टेकून तलवार देतोय. कोरणाऱ्याने त्याला कधी पाहिले नव्हते, आणि लंगडा, एकाक्ष शत्रू शरण आलेला दाखवला असता तर गिऱ्हाईकाला त्यात मजा वाटली नसती. ओळख पटवताना ही खूण उपयोगी पडते. गुडघे टेकलेली आकृती आणि ‘डॉन ब्लास’ हे नाव दिसले की पदक कार्टाजेना गटाकडे झुकते. त्याच्याभोवती बहुधा ‘द स्पॅनिश प्राइड पुल्ड डाउन बाय अ‍ॅडमिरल व्हर्नन’ (स्पेनचा गर्व व्हर्ननने उतरवला) किंवा त्याच अर्थाचा मजकूर असतो. पोर्टो बेल्लो गटात ‘द ब्रिटिश ग्लोरी रिव्हाइव्ह्ड बाय अ‍ॅडमिरल व्हर्नन’ आणि मागे ‘ही टूक पोर्टो बेल्लो विथ सिक्स शिप्स ओन्ली’ असे असते. तारीख बहुतेकदा 22 नोव्हेंबर 1739.

‘बहुधा’ म्हणतोय त्याला कारण आहे. या पदकांचे ठसे हाताने कोरलेले आणि अक्षरे एकेक करून ठोकलेली. ठोकणारा फार शिकलेला नसायचा. त्यामुळे एन उलटा, एखादे अक्षर गाळलेले, गावाच्या नावाची तीन-तीन स्पेलिंगे, ओळ संपता संपता जागा कमी पडून चेंगरलेली अक्षरे, असे सर्रास दिसते. नवशिक्या माणसाला ही चूक दिसली की तो ‘नकली’ म्हणतो. इथे उलट आहे. असल्या चुका या गटाचा स्वभावच आहेत. शिवाय कारागीर एका पदकाचा पुढचा ठसा दुसऱ्याच्या मागच्या ठशाशी जोडून माल काढत. पुढे पोर्टो बेल्लोचा व्हर्नन आणि मागे दुसरीच मोहीम, असेही मिळते. म्हणून दोन्ही बाजू स्वतंत्र ओळखायच्या. एक बाजू जुळली म्हणून दुसरी गृहीत धरू नका.

आता मोजमाप. कॅलिपरने व्यास दोन जागी घ्या, भोकाच्या रेषेत आणि तिला काटकोनात. नांगराच्या फाळाने वाकलेले पदक असेल तर दोन आकड्यांत फरक येतो आणि तो लिहून ठेवायचा असतो. जाडी कडेला आणि मध्याजवळ अशी वेगवेगळी. वजन सोनाराच्या 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. या गटातली मोठी पदके साधारण 36 ते 38 मिमीची असतात, लहानही निघतात, तेव्हा 37 मिमी अगदी बसते. त्या काळचा दुसऱ्या जॉर्जचा तांब्याचा हाफपेनी साधारण 28 ते 30 मिमी आणि 10 ग्रॅमच्या आतबाहेर असे. त्याच्याशी गल्लत व्हायला नको.

दोन बाजूंच्या ठशांची दिशाही बघा. पुढची बाजू सरळ धरून वर-खाली कडेला बोटांनी पकडा आणि पुस्तकाचे पान उलटल्यासारखे फिरवा. मागचे चित्र सरळ आले तर ‘पदक पद्धत’, डोके खाली आले तर ‘नाणे पद्धत’. मधलाच कोन असेल तर घड्याळाच्या काट्याच्या भाषेत नोंदवा: ‘4 वाजता’ वगैरे. भोकाला प्रमाण मानू नका, ते नंतर पाडलेले असू शकते. चित्राचा उभा अक्ष धरा.

सोन्याचा प्रश्न घरच्या घरी सुटतो. काट्यावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून काटा शून्य करा. पदक पातळ दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे सोडा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. भोकात आणि कोरीव भागात अडकलेले बुडबुडे दोरा हलवून काढा. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा 1.70 ग्रॅम दिसले, तर 14.6 भागिले 1.70 म्हणजे सुमारे 8.6. हे पितळेचे. पितळ 8.4 ते 8.8, तांबे 8.9, कथील 7.3, शिसे 11.3, स्टर्लिंग चांदी 10.3 ते 10.4 आणि 22 कॅरेट सोने 17.5 च्या वर. एवढ्या आकाराची चकती सोन्याची असती तर तिचे वजन 30 ग्रॅमच्या घरात गेले असते. आकडा 6.7 च्या आसपास आला तर आधुनिक जस्तमिश्रित ओतीव प्रतिकृतीचा संशय घ्या. गंजाचा थर फार जाड असेल तर आकडा खरा असतो त्यापेक्षा थोडा कमी येतो. हा प्रयोग हिरवी भुकटी पडत असलेल्या वस्तूवर मात्र करू नका, आणि केला तर नळाच्या नाही, डिस्टिल्ड पाण्यात.

पिवळा रंग आला तो या मिश्रधातूमुळे. लंडनचा घड्याळजी ख्रिस्तोफर पिंचबेक याने सोन्यासारखे दिसणारे तांबे-जस्ताचे मिश्रण काढले. नेहमीच्या पितळेपेक्षा त्यात जस्त कमी. त्याच्याच नावाने असा धातू ‘पिंचबेक’ म्हणून ओळखला जातो, आणि स्वस्तात सोन्याचा दिमाख हवा असलेल्या गिऱ्हाईकाला व्हर्ननची पदके याच धातूत दिली जात. तुमच्या पदकावरचे लालसर डाग मातीतल्या पाण्याने जस्त धुवून नेल्याचे आहेत. जस्त गेले की मागे सच्छिद्र तांबे उरते. हे डाग मळ नव्हेत आणि कितीही घासले तरी ‘जात’ नाहीत, फक्त ठसा जातो.

आणि इथेच लिंबाचा विषय. लिंबू, चिंच-मीठ, व्हिनेगर, पितांबरी, टूथपेस्ट: देवघरातल्या समईला जे चालते ते जमिनीतून निघालेल्या पितळेला चालत नाही. मातीतल्या पितळेवरचा गुळगुळीत हिरवा-तपकिरी थर हा ठशाचा शेवटचा पृष्ठभाग असतो. अक्षरांचे तपशील बहुधा त्या थरातच उरलेले असतात, खालच्या धातूत नाही. आम्लाने थर गेला की खाली खडबडीत, गुलाबी, खड्डे पडलेला धातू दिसतो आणि ठसा वाचता येत नाही. चोळलेला भाग आता परत येणार नाही. पदक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, दिवसातून एकदा पाणी बदलत, दोन-तीन दिवस ठेवा म्हणजे उरलेले आम्ल निघेल. मग कापडाने टिपून सावलीत पूर्ण वाळवा. हीटर नको, ऊन नको. उरलेल्या भागातली माती ओल्या लाकडी टूथपिकने, भिंगाखाली, अक्षरांच्या बाजूने हळूहळू काढा. अक्षरावर टोक टेकवू नका. माती निघत नसेल तर राहू द्या.

फिकट हिरवी, पिठासारखी, बोटाने सहज निघणारी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी येऊ लागली तर ती काळजीची गोष्ट. तांब्याच्या क्लोराइडची ही खोड हवेतल्या दमटपणावर जगते आणि वस्तू खाऊन टाकते. पदक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आत आर्द्रतामापक टाका आणि आर्द्रता 35 टक्क्यांच्या खाली आहे याकडे लक्ष द्या. तेल, व्हॅसलीन लावू नका. खाली ओल कोंडली जाते. ठिपके वाढतच असतील तर संवर्धकाकडे द्या, घरी रसायने करू नका.

वाचन प्रकाशाने करायचे, घासून नव्हे. खोली अंधारी करा, एकच टॉर्च पदकाच्या पातळीला जवळजवळ आडवा, 10 ते 20 अंशांवर धरा आणि पदक न हलवता टॉर्च भोवती फिरवत आठ दिशांनी आठ फोटो घ्या. फोन स्टँडवर घट्ट, बाजूला मिलिमीटरची पट्टी. फोटो काळा-पांढरा करून पाहिला की डाग गायब होतात आणि उठाव दिसतो. एखाद्या दिशेला न दिसणारे अक्षर दुसऱ्या दिशेला नीट वाचता येते. फ्लॅटबेड स्कॅनर इथे निरुपयोगी आहे, त्यात उजेडाची दिशा हवी तशी बदलता येत नाही आणि तो झिजलेला ठसा सपाट करून टाकतो. कागद ठेवून पेन्सिल घासणे तर या अवस्थेतल्या धातूवर नकोच.

फोटो मिळाले की ठसा जुळवणे. ‘माझ्यावर व्हर्नन आहे, यादीतल्यावरही आहे’ एवढ्याने प्रकार ठरत नाही. आकृती आणि अक्षरे यांचे एकमेकांशी नाते बघायचे. तलवारीचे टोक कुठल्या अक्षराकडे जाते? टोपीचे टोक कुठल्या दोन अक्षरांच्या मधे येते? मागच्या बाजूला जहाजे किती, त्यांच्या ओळी कशा, कुठल्या डोलकाठीचा शेंडा कडेच्या मजकुराला शिवतो? मनोऱ्यांची संख्या किती? तारखेतला ‘1’ आकडा आहे की ‘आय’ अक्षराच्या ठोकणीने काढलेला? असे पाच-सहा मुद्दे जुळले तर ठसा तोच. मग संग्रहालयाच्या छायाचित्रावर आपला फोटो त्याच मापाला आणून अर्धपारदर्शक ठेवून बघा. अक्षरे एकमेकांवर बसली पाहिजेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या आणि ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमच्या संकेतस्थळांवर व्हर्नन पदके फोटोंसह आहेत. या विषयातल्या अभ्यासकांत आज अ‍ॅडम्स आणि चाओ यांचे वर्गीकरण चालते, लिलावाच्या वर्णनांत बहुधा त्यांचाच क्रमांक असतो. तो क्रमांक तुमच्या पदकाला लावताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. विक्रीच्या वर्णनांत चुकीचे क्रमांक पुष्कळ फिरतात.

तारखेबाबत एक फास आहे. ब्रिटन 1752 पर्यंत जुने ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, स्पेन नवे. दोन्हींत त्या काळी 11 दिवसांचा फरक. सान फेलिपेवरचा हल्ला स्पॅनिश कागदांत 20 एप्रिलचा, इंग्रजीत 9 एप्रिलचा. पदकावरचा ‘1 एप्रिल’ (काहींवर नुसताच एप्रिल) इंग्रजी हिशेबाचा आहे. शिवाय इंग्लंडचे कायदेशीर वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते 24 मार्चच्या तारखांचे साल एकाने मागे दिसू शकते. तुमच्या एप्रिलला ती अडचण नाही.

भोकाकडे पुन्हा या. ते पदकाच्या आयुष्यातच पाडलेले आहे की नंतर, हे आतल्या भिंतीवरून कळते. आत बाहेरसारखाच थर असेल, कडा फितीने किंवा दोऱ्याने झिजून गोल झाल्या असतील तर जुने. आत चकचकीत धातू आणि धारदार फाटा असेल तर अलीकडचे. ही पदके गळ्यात किंवा कोटावर मिरवली जात, त्यामुळे भोक असलेली पुष्कळ मिळतात. संग्राहक त्याचे पैसे कापतात. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र जुने भोक हा वापराचा पुरावा आहे, ते बुजवण्याच्या भानगडीत कुणी पडू नये.

प्रतिकृती ओळखायला दोन गोष्टी पुरतात. ओतीव वस्तूच्या कडेवर शिवण किंवा ती घासून काढल्याच्या उभ्या रेघा असतात, आणि मैदानात (चित्र-अक्षरांमधल्या सपाट भागात) भिंगाखाली बारीक बुडबुड्यांचे खड्डे. अक्षरांची मुळे गोलसर, मेणासारखी. पाडलेल्या पदकात अक्षर मैदानातून एकदम उभे राहते. कुठे ‘कॉपी’ किंवा ‘डब्ल्यूआरएल’ अशी बारीक अक्षरे दिसली तर ती संग्रहालयाच्या दुकानातली भेटवस्तू आहे. तुमच्याकडे जस्त झडल्याचे डाग आहेत, ते काल ओतलेल्या वस्तूवर येत नाहीत.

किंमत फार नाही. झिजलेले, भोकाचे, निम्मे लिंबाने खाल्लेले पदक दोन आकडी पौंडांत जाते. ठसा टवटवीत असता तर शेकड्यांत गेले असते. विकण्यापेक्षा नीट नोंदवलेले बरे, हे माझे मत.

कायद्याचे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे 300 वर्षांहून जुनी आणि किमान 10 टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू ‘ट्रेझर’ ठरते. 2023 पासून 200 वर्षांहून जुन्या, अपवादात्मक महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात येऊ शकतात. ट्रेझर असण्याची शक्यता असेल तर 14 दिवसांत कळवावे लागते. सुट्या सापडलेल्या पितळी व्हर्नन पदकाला यातले काही लागू होत नाही. तरीही परगण्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा. ही नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा भर साधारण 1700 च्या आधीच्या वस्तूंवर असतो, पण पुढचे निवडक नगही ते घेतात, आणि व्हर्ननची गोष्ट सफोकमध्ये वेगळी पडते: तो इप्सविचचा खासदार होता आणि त्याचे घर जवळच नॅक्टनला होते. नोंदीसाठी नकाशावरचा आठ किंवा दहा आकड्यांचा ग्रिड संदर्भ, खोली, शेताचा प्रकार, तारीख आणि शेतमालकाचे नाव लागेल. मूळ मालकी शेतमालकाची असते; वाटणी आधीच लेखी ठरलेली नसेल तर आता ठरवा. स्कॉटलंडमध्ये सापडले असते तर नियम वेगळा: तिथे पुरातत्त्वीय मोलाची जुनी वस्तू कळवावीच लागते, धातू कोणताही असो.

हे वाचून महाराष्ट्रात कुणी गडावर डिटेक्टर घेऊन निघणार असेल तर थांबा. संरक्षित स्मारकावर खोदणे गुन्हा आहे, आणि 1878 च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्टप्रमाणे जमिनीत लपलेली 10 रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. आपल्याकडे विहीर खणताना, घर पाडताना जी चकती बरेचदा मिळते ती वेगळीच: एका बाजूला राम-सीता किंवा मारुती, दुसरीकडे ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1818, एक आणा’. ही देवघरात ठेवायची टोकने फार नंतरची आहेत. कंपनीने साऱ्या मुलखासाठी एकसारखी नाणी 1835 च्या कायद्याने सुरू केली आणि त्यांवर कुठेही रामदरबार नाही. त्या वेळच्या अर्ध्या आण्याचे वजन 200 ग्रेन, म्हणजे 12.96 ग्रॅम ठरलेले होते. या चकत्यांची वजने वाट्टेल ती. ‘तांदूळ ओढणारे नाणे’ म्हणून लाखो रुपये मागणारा माणूस दारात आला तर चकती काट्यावर ठेवा, कड भिंगातून बघा आणि त्याला पोलीस चौकीचा पत्ता द्या.